जायची सायकल

बा,

तुझी वाकड्या हँडलची सायकल मी भिंतीवरून उतरवली. तुला विचारलं नाही. विचारायला तू नाहीस, आणि असतास तरी नाहीच म्हणाला असतास. उंद्रीतलं विहारामागचं आपलं घर आता बंदच असतं. तू गेल्यावर आई बरीच वर्षं त्या सायकलखाली खाट टाकून झोपायची, आणि आई गेल्यावर ती दोन खुंट्यांवर एकटीच लटकत राहिली. आम्ही कुलूप काढून आत गेलो तेव्हा टायर वाळून भेगाळले होते आणि सीटखाली चिमणीनं काड्यांचा संसार मांडला होता. ह्यांनी स्टुलावर चढून ती खाली घेतली. हे म्हणजे तुझे जावई. पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि तू गावभर 'आमचे इंजिनीअर' म्हणून सांगायचास. आता रिटायर होऊन घरी असतात आणि मला सांभाळतात. स्टुलावरून उतरता उतरता म्हणाले, "हे भंगार चिखलीले नेऊन त्याचं काय लोणचं घालाचं हाय?" आणि मग स्वतःच ती पोत्यात गुंडाळून, लेकराला निजवावं तशी टेम्पोत आडवी ठेवली.

हे पत्र तुझ्या हाती पडलं असतं तरी वाचताना तू वैतागला असतास. तुला मोठं अक्षर लागायचं, आणि माझं अक्षर आता बारीक होत होत मुंग्यांच्या रांगेसारखं झालंय. ओळ सुरू करते तेव्हा ठीक असते, ओळ संपेपर्यंत मलाच वाचता येत नाही. आयुष्यभर शाळेत फळ्यावर टपोरं गोल अक्षर काढलं, त्याचा तोरा होता मला. पहिलं लक्षण तिथेच दिसलं. मागच्या बाकावरची पोरं ओरडायला लागली, "बाई, दिसून नाही राह्यलं." मला वाटलं, मोबाइल बघून बघून पोरांचे डोळे गेले. मी त्यांच्या आईबापांना शाळेत बोलावून डोळे तपासायला सांगितलं, आणि बिचारे काहीजण तपासून आलेही.

अकोल्याच्या मेंदूच्या डॉक्टरनं सांगितलं, कंपवात आहे. हात थरथरतो तो लोकांना दिसतो. दिसत नाही ते असं, की पाय जमिनीला चिकटतात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मी येते आणि उभीच राहते. मनानं मी केव्हाच पलीकडे जाऊन गॅस बंद केलेला असतो, दूध तिकडे उतू जात असतं आणि पाय हलत नाहीत. हे विचारतात, "काय पाह्यतं व तिथी उभी राहून?" मी काही पाहत नसते, अडकलेली असते. ह्यांनी डॉक्टरला सरळ विचारलं, "बरं कधी होईन?" डॉक्टर म्हणाले, "काका, बरं होत नाही. सांभाळायचं असतं. व्यायाम करा, जेवढं शरीर परत मिळवता येईल तेवढं मिळवा." त्यांच्या दवाखान्यात एक जागच्या जागी फिरवायची सायकल होती. तिच्यावर मला बसवलं, आणि बा, जे पाय उंबरा ओलांडत नव्हते ते गरागरा फिरायला लागले. डॉक्टर म्हणाले, असं होतं, काही पेशंटना चालता येत नाही पण सायकल जमते. मला तिथेच रडू कोसळलं. पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, हे मी पहिल्यांदा तुझ्याकडून ऐकलं होतं, आणि तेव्हा मला तो नुसता खेळ वाटला होता.

तुला तुझाच खेळ सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे. पण तू तो सायकलवरून पाहिलास, मी दोराच्या बाहेरून. बाजाराच्या मैदानात खुंट रोवून गोल दोर बांधलाय. मधोमध बांबूवर भोंगा, आणि भोंग्यातून तुझा दोस्त घसा फोडून सांगतोय, अखंड सायकल, सात दिवस सात रात्री, पाय जमिनीला लागणार नाही! तू जुन्या काळ्या सायकलवर फिरतो आहेस. फिरता फिरता दाढी करतोस, फिरता फिरता डोक्यावर घागर ओतून अंघोळ करतोस, बाया पदर तोंडाला लावून हसतात. मी भाकरीचा डबा घेऊन येते आणि तुझ्या बाजूनं पळत पळत एकेक घास हातात देते. आई मैदानात कधीच आली नाही. चुलीपुढे भाकरी थापता थापता म्हणायची, "सात दिवस गोल गोल फिरून कुठी पोचते तुहा बाप? जिथून निंगते तिथीच येते." पण तुझ्या भाकरीला तेल-तिखट सगळ्यांपेक्षा जास्त लावायची, आणि डबा फडक्यात बांधताना गाठ दोनदा मारायची.

एका उन्हाळ्यात खेळ उंद्रीतच होता. ऊन असं की दोराला हात लागला तर चटका बसत होता. तुझे डोळे मिटायला लागले, सायकल डुलली. मी दोराखालून आत घुसले आणि मागून सीट धरली. तू पडू नयेस एवढंच मला कळत होतं. तू असा ओरडलास की भोंगेवाला बोलता बोलता थांबला. "हात काढ! सायकलले हात लागला का खेळ मोडते, समजत नाही तुले?" सगळा बाजार माझ्याकडे बघत होता. मी डबा तिथेच टाकून घरी पळाले. खेळ संपल्यावर दोघांनी तुला खांद्याला धरून घरी आणलं, कारण तुला चालता येत नव्हतं. आई तुझ्या तळव्यांना कोमट तेल चोळत बसली होती आणि तू डोळे मिटून म्हणत होतास, "जमीन हालून राह्यली. पाय उचलतच नाही." मग मला जवळ ओढलंस. "पडलो असतो तं लोकायनं उचललं असतं. पन कोनाचा हात धरून फिरला असं कोनी म्हटलं तं मी कुठी तोंड दाखवू, पोरी?" मी मान हलवली. मला काही कळलं नव्हतं, पण तू पुन्हा लाडानं बोललास म्हणून मी मान हलवली.

आणि मग संग्रामपूर. तुझा सगळ्यात मोठा खेळ तिथे झाला आणि आम्ही तो पाहिला नाही. शेवटच्या दिवशी तिथल्या एका मुसलमान कापडवाल्यानं तुला ही सायकल देऊन टाकली. त्याचा मुलगा शिकायला लांब गेला होता, सायकल दुकानात पडून होती. खाली वळलेलं हँडल, बारीक टायर, नळीवर गिअरचे खटके. आपल्या भागात अशी सायकल कुणी पाहिली नव्हती. तो म्हणाला होता, "भाई, गोल बहुत घूम लिए. अब कहीं जाओ." हे तू आम्हाला त्याचा आवाज काढून सांगायचास. त्या सायकलवर बसून तू संग्रामपूरहून निघालास, पूर्णेचा पूल ओलांडलास, शेगावला थांबलास, खामगावच्या पुढचा घाट चढून घरी आलास. शर्टाच्या आत कचोऱ्यांचा पुडा होता आणि पोटावर तेलाचा मोठा डाग. मी कचोरी खात होते, ती गार होऊन चिवट झाली होती, आणि तू सायकलकडे बघत ओट्यावर बसला होतास. तेव्हा म्हणालास, "ही गोल फिराची सायकल नोहे. ही जायाची सायकल हाय." एवढा खूश तू नंतर कधी दिसला नाहीस.

जायची सायकल, आणि गेली कुठेच नाही. तू म्हणायचास, एक दिवस हिच्यावरच संग्रामपूरले जातो, त्या शेठले दाखवून येतो. मग घरोघर टीव्ही आले, गोल फिरणारा माणूस बघायला कुणी थांबेना, तू कापसाच्या जिनिंगमध्ये वॉचमन झालास आणि सायकल खुंट्यांवर चढली. मी विचारलं की म्हणायचास, पाय दुखतात. खरंच दुखत असतील. दवाखान्यातल्या त्या सायकलवर बसून रडता रडता मी ठरवलं की हिला एकदा संग्रामपूरला न्यायचं. आपल्या पायांनी, सरळ. शरीर बंद पडायच्या आत. परतीचा विचारच केला नव्हता, बा. जायचं, एवढंच.

आमच्या चिखलीत एक सायकलवाले चाचा आहेत. दुकानात आता निम्म्या बॅटरीच्याच गाड्या. पोतं सोडून सायकल उभी केली तर ते तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "मॅडम, बुरा नका मानू. हिच्यापेक्षा बॅटरीची घ्या. पायडल मारा, नका मारू, चालते." मी म्हटलं, मला पायडल मारायलाच पाहिजे. "मंग साहेबायले बॅटरीची द्या," ते ह्यांच्या पोटाकडे बघून म्हणाले. नळीवर टिचकी मारून पाहिली, कान लावला. "फ्रेम चांगली हाय. बाकी सगळं गेलं." मी म्हटलं, चाचा, माझं उलटं आहे, बाकी सगळं ठीक आहे, फ्रेम गेली. ते हसले नाहीत. माझ्या हाताकडे बघून त्यांनी स्टूल पुढे केलं.

काम महिनाभर चाललं. पायडलच्या दांड्यांच्या पिना अशा गंजल्या होत्या की एक निघता निघेना. चाचांनी हातोडी टाकली, शिव्या दिल्या, माझी माफी मागितली आणि पुन्हा हातोडी उचलली. लोखंडी रिमा काढून अॅल्युमिनियमच्या टाकल्या. सामान पुण्याहून तुझ्या नातीनं मागवून दिलं. तिच्याकडे स्वतःची गिअरची सायकल आहे, त्यामुळे तिला सगळं कळतं. ती व्हिडिओवरून चाचांशी भांडायची. तिचं म्हणणं, जुनी सायकल जुनीच दिसली पाहिजे. चाचांना ती पोपटी रंगात रंगवायची होती. मी दोघांना गप्प केलं. मला एकच पाहिजे होतं, की गिअरचे खटके खालच्या नळीवरून वर हँडलवर यावेत, कारण खटक्यासाठी एक हात खाली नेला तर दुसरा एकटा हात हँडल धरू शकत नव्हता. मागे चढासाठी मोठी चकती बसवली, नवे छर्रे घातले, ब्रेकची रबरं बदलली. काम झालं त्या दिवशी चाचांनी मागचं चाक उचलून नुसतं फिरवलं. ते कितीतरी वेळ फिरत राहिलं, आवाज न करता. बा, तुला ते दाखवायला पाहिजे होतं असं मला वाटलं.

पहिले काही महिने चांगले गेले, हे खोटं नाही. सकाळी हे सायकल आमच्या ओट्याला लावून मला बसवायचे. ओट्यावरून चढायचं, ओट्याशीच उतरायचं, मधे कुठे पाय टेकवायचा नाही, कारण एकदा टेकला की तो उचलायचा भरवसा नव्हता. हे स्कूटरवरून मागे, पुढच्या जागेत पाण्याची बाटली आणि एक प्लॅस्टिकचं स्टूल. सुरुवातीला गावाबाहेरच्या पहिल्या चढाला धाप लागून डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग तो चढ बसून जमायला लागला. खामगाव रोडला दोन्हीकडे हरभरा, वारा तोंडावर, आणि खाली पाय आपले आपण फिरताहेत, माझेच पाय, मी सांगेन तसे. घरात पाणी प्यायला उठताना मी म्हातारी असायचे, रस्त्यावर नसायचे. पंजाबी ड्रेस सैल झाले. एक दिवस सलवारीची नाडी मी माझ्या हातानं बांधली आणि ह्यांना हाक मारून दाखवली. हे म्हणाले, "आता काय पेढे वाटू?" आणि खरंच संध्याकाळी पेढे घेऊन आले.

मग तो उंद्रीचा दिवस. ठरलं होतं की उंद्रीपर्यंत जायचं, आपल्या घराच्या ओट्याशी उतरायचं, आणि ते जमलं की पुढच्या महिन्यात घाट उतरून संग्रामपूरचं बघायचं. हे वाटेत स्कूटरच्या चाकात हवा भरायला थांबले. मागून वारा होता, मी पुढे निघून गेले. उंद्रीच्या स्टँडवर पोचले तर आपल्या गल्लीच्या तोंडाशी मुरमाचा ट्रॅक्टर आडवा लागलेला. पुढे रस्ता नाही, हे मागे नाहीत, धरायला ओटा नाही. थांबले तर पाय टेकणार, आणि टेकला तर मी भर चौकात खांबासारखी उभी राहणार. म्हणून मी वळले. चौकातल्या कडुनिंबाला वळसा घातला. मग दुसरा घातला. पानटपरीवरची पोरं बघायला लागली. एकानं विचारलं, "मॅडम, कोनाले पाह्यता?" मी म्हटलं, "थांबता नाही येत रे." ती हसली, मीही हसले. काय करणार?

तेवढ्यात चहाच्या टपरीतून एक म्हातारा काठी टेकत उठला. मी त्याला ओळखलं नाही, पण त्यानं मला ओळखलं. "अबे, हे तं अखंडवाल्याची पोरगी हाय!" तो ओरडला. "पाठीचा तोच बाक, तीच मान. पानी द्या बे तिले, पानी!" आणि स्वतःच ग्लास घेऊन पुढे आला. मी फिरत होते आणि तो मधे, कडुनिंबाजवळ, आपल्या जागी हळूहळू वळत होता, ग्लास पुढे धरून. मी एक हात सोडला. सुटत नव्हता, पण सोडला. अर्धं पाणी अंगावर सांडलं, अर्धं प्याले, ग्लास परत दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बा, मला लाज वाटायला पाहिजे होती. पण त्या दोन-चार वळशांत मी कोण होते ते मला माहीत होतं, आणि मला हात थरथरल्याचंही आठवत नाही.

आणि मग हे आले. त्यांनी गर्दी पाहिली, मधे मला गोल फिरताना पाहिलं, आणि त्यांना वाटलं असेल की माझं डोकं फिरलं. स्कूटर तशीच आडवी टाकून धावत आले आणि मागून सीट धरली. आणि माझ्या तोंडून तुझा आवाज आला. "हात काढा!" असा आवाज मी बेचाळीस पोरांच्या वर्गातही कधी काढला नव्हता. हे घाबरले. त्यांनी हात काढला, झटकन काढला, आणि सायकल त्यांच्या हाताच्या बाजूला कलली. मी डाव्या मनगटावर पडले.

तू म्हणाला होतास तसं लोकांनी उचललं. दोघांनी खांद्याला धरून टपरीच्या बाकावर नेलं, कारण पाय उचलत नव्हते. हे माझ्यापुढे खाली बसून एकच म्हणत होते, "तूच म्हटलं ना व काढा, म्हनून काढला म्या." त्यांना रडू येत होतं आणि भर स्टँडवर ते रडत होते. म्हातारा काठीवर हनुवटी ठेवून बघत होता. तो म्हणाला, "तिच्या बापालेबी हात लावलेला चालत नव्हता, साहेब." आपलं घर तिथून समोर दिसत होतं.

मनगट मोडलं. प्लास्टर निघेपर्यंत पावसाळा गेला, आणि जे काही महिन्यांत मिळवलं होतं ते तेवढ्या दिवसांत गेलं, जास्तच गेलं. डॉक्टरनं गोळ्या वाढवल्या. गोळी चढते तेव्हा मान आपोआप डोलते, उतरते तेव्हा मी दगड. सायकलवर बसले तर आता पायडलवरही पाय अडायला लागले, वर आलेला पाय खाली जायचं विसरतो. मी पुन्हा चाचांकडे गेले. वाकड्या हँडलवर वाकता येईना, म्हणून त्यांनी ते काढून सरळ हँडल टाकलं. बारीक टायर काढून जाड टाकले. सीट खाली घेतली, मग आणखी खाली घेतली. गिअरचे खटके काढूनच टाकले, एकाच गिअरवर बांधून दिली. आधी आम्ही सायकल चांगली करत होतो, आता ती माझ्याएवढी करत होतो. शेवटी चाचांनी लहान पोरांच्या सायकलीची ती दोन बाजूची चाकं दाखवली आणि म्हणाले, "मोठी बनवून देतो, मॅडम. वेल्डिंग पक्की करतो." ते फार प्रेमानं म्हणाले. मी नाही म्हटलं. वाकडं हँडल मी घरी आणलं आणि कपाटावर टाकलं, त्याच्यावर धूळ बसते.

पुण्याची पोरगी म्हणाली, "आई, सायकल गाडीत टाकू, आपण संग्रामपूरला जाऊ, पुलाच्या अलीकडे तुला बसवते, दोन पायडल मार." तिला वाईट वाटायला नको म्हणून मी बघू म्हटलं. मनात नव्हतं. गाडीत टाकून नेलेली सायकल जात नाही, तिला कुणीतरी नेतं. आणि तिथे कोण आहे आता? कापडवाला गेला असेल, त्याचा शिकलेला मुलगाही म्हातारा झाला असेल, दुकानात मोबाइल विकत असतील. सातपुड्याची ती निळी रेघ तेवढी असेल, तू हातानं हवेत काढून दाखवायचास ती. मी ती पाहिलेली नाही, आणि मला दिसणार नाही हे आता मला कळलंय. डॉक्टर असं म्हणत नाहीत. ते म्हणतात, बघू या. पण सकाळी उंबऱ्याशी उभी असते तेव्हा मला स्पष्ट कळतं.

आता संध्याकाळी हे मला शाळेमागच्या मैदानात नेतात. मैदान रिकामं असतं, दोन कुत्री असतात. हे मला बसवतात, मागून सीट धरतात आणि मी फिरते. गोल. त्या मैदानात दुसरीकडे जायला जागाच नाही. आई म्हणायची तसं, जिथून निघते तिथेच येते. तुझी जायची सायकल मी गोल फिरवते, बा, आणि आता ती तुझी तरी कुठे राहिली, नळ्या सोडल्या तर तिच्यात तुझं काहीच नाही. ह्यांना दोन वळशांत धाप लागते. त्यांचं पोट थोडं उतरलंय. फिट व्हायला निघाले मी आणि होताहेत हे.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. पण टपाल तुझ्यापर्यंत जात असतं तरी मी हे टाकलं नसतं, कालच्यामुळे. काल हे मागून पळत होते. मी बरी फिरत होते, पाय अडत नव्हता, आणि त्यांना वाटलं असेल की हिला जमतंय. उंद्रीतलं ते 'हात काढा' त्यांच्याही मनात राहिलंय. मला न सांगता त्यांनी हळूच हात सोडला. मला कळलं. कुणी धरलेलं नव्हतं, पाय जमिनीला लागला नव्हता, तुझ्या नियमानं खेळ चालू होता. मी मागे न बघता ओरडले, "अहो, हात काढू नका."